जठराला विजेचे स्पंद देणारे यंत्र: अन्न पुढे सरकत नसेल, तर उलट्या कशामुळे थांबतात?

प्रश्न: ओंजळ (न्यू जर्सी)

सर्वांना नमस्कार. माझे पती ४१ वर्षांचे आहेत आणि वयाच्या १३व्या वर्षापासून त्यांना टाइप १ मधुमेह आहे. गेली चार वर्षे जेवणानंतर त्यांना तासन्‌तास मळमळत राहते, चार घासांतच पोट तुडुंब भरल्यासारखे वाटते आणि आदल्या रात्री खाल्लेला भात दुसऱ्या दिवशी सकाळी जवळपास जसाच्या तसा उलटून पडतो. दोन वर्षांपूर्वी किरणोत्सारी पदार्थ मिसळलेले अंडे खायला देऊन त्यांच्या जठराची तपासणी केली. त्यात चार तासांनंतरही ३८ टक्के अन्न जठरातच असल्याचे दिसले. निरोगी माणसात ते १० टक्क्यांच्या वर नसते. वाटेत कुठे अडथळा नाही, व्रण नाही. निदान गॅस्ट्रोपॅरेसिसचे झाले, म्हणजे जठराचे स्नायू आणि त्यांना चालवणारे मज्जातंतू मंदावल्यामुळे अन्न पुढे सरकत नाही.

मेटोक्लोप्रमाइड हे उलट्या थांबवणारे आणि जठराला चालना देणारे औषध सुरू केल्यावर दोन महिन्यांत त्यांच्या जबड्याच्या आणि जिभेच्या अनावर हालचाली होऊ लागल्या, म्हणून ते ताबडतोब बंद करावे लागले. त्याच कामाचे दुसरे औषध डोम्पेरिडोन भारतात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, पण इथे त्याला सर्वसाधारण परवानगी नाही. वजन ६८ किलोंवरून ५४ किलोंवर आले आहे आणि गेल्या वर्षात शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे त्यांना पाच वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले.

आता डॉक्टरांनी जठराला विद्युत उत्तेजन देणारे यंत्र बसवण्याचा पर्याय सुचवला आहे. मला वाटले होते की, हृदयाचा पेसमेकर जसा ठोके चालवतो तसे हे यंत्र जठराला घुसळायला लावत असेल. परंतु डॉक्टर म्हणाले की, उलट्या कमी झाल्या तरी जठर रिकामे होण्याचा वेग आहे तसाच राहू शकतो. मग उलट्या कमी होतात त्या कशामुळे? शिवाय या उपचाराबद्दलचे काही अभ्यास अनुकूल आणि काही प्रतिकूल आहेत असे वाचले. ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: डॉ. पाणंद (लीड्स, ब्रिटन)

ओंजळताई, तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते बरोबर आहे, आणि शस्त्रक्रियेआधीच सांगितले हे फार चांगले झाले. या यंत्राबद्दलची निराशा पुष्कळदा 'पेसमेकर' या शब्दामुळेच होते. मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो आणि असे यंत्र बसवलेले रुग्ण पाहत आलो आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

जठराला स्वतःची विद्युत लय असते. त्याच्या भिंतीत काहाल पेशी नावाच्या विशेष पेशींचे जाळे असते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्यावरून हे नाव पडले. जठराच्या मधल्या भागात, मोठ्या वक्र कडेजवळ, या पेशी मिनिटाला साधारण तीन मंद विद्युत लहरी निर्माण करतात आणि त्या लहरी जठराच्या खालच्या दाराकडे सरकत जातात. लहर आली म्हणजे स्नायू आकुंचन पावतोच असे नाही; मज्जातंतूंकडून येणाऱ्या संदेशाची जोड मिळाली की त्या लहरीवर स्वार होऊन आकुंचन होते. लहर फक्त ताल धरते. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९२१ मध्ये पोटाच्या त्वचेवरून ही तीनची लय नोंदवून दाखवली होती, त्यामुळे ही कल्पना नवी नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात काहाल पेशी घटतात, मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला इजा होते, लय कधी अतिमंद तर कधी अतिजलद होते आणि जठराचा वरचा भाग अन्नासाठी सैल व्हायला हवा तो ताठच राहतो. चार घासांत पोट भरल्याची जी भावना तुमच्या पतींना होते, तिचा संबंध या ताठरपणाशी असू शकतो.

आता विजेकडे वळू. जठराला वीज देण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत आणि दोन्हींची गल्लत सतत होते. पहिल्या पद्धतीत जठराच्या नैसर्गिक लयीइतक्याच किंवा किंचित अधिक वेगाने, प्रत्येकी काहीशे मिलिसेकंद टिकणारे लांब स्पंद देतात. हे खरे 'पेसिंग'. त्याने लय पुन्हा बसवता येते आणि जठर लवकर रिकामे होऊ शकते, परंतु त्याला इतकी ऊर्जा लागते की शरीरात बसवलेली छोटी बॅटरी त्यासाठी पुरत नाही. म्हणून ही पद्धत मुख्यतः संशोधनापुरती राहिली.

तुमच्या पतींना सुचवलेले यंत्र दुसऱ्या पद्धतीचे आहे. त्याचे नाव एन्टेरा. त्यातला प्रत्येक स्पंद अवघे ३३० मायक्रोसेकंद टिकतो, म्हणजे पहिल्या पद्धतीतल्या स्पंदाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतका. नेहमीच्या सुरुवातीच्या मांडणीत यंत्र ०.१ सेकंद चालू आणि ५ सेकंद बंद राहते. चालू असताना स्पंदांचा वेग सेकंदाला १४ असतो, त्यामुळे त्या ०.१ सेकंदात दोनच स्पंद बसतात. अशा जोड्या मिनिटाला साधारण १२, म्हणजे जठराच्या नैसर्गिक लयीच्या चौपट. प्रवाह ५ मिलिअँपिअर. एवढ्या आखूड स्पंदाने जठराचा मंद स्नायू आकुंचन पावत नाही; त्याला प्रतिसाद द्यायला बराच अधिक वेळ लागतो. मज्जातंतूंना मात्र एवढा स्पंद पुरेसा असतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. व्हेगस मज्जातंतूतील बहुसंख्य तंतू मेंदूकडून पोटाकडे आज्ञा नेणारे नसून पोटाकडून मेंदूकडे खबर नेणारे आहेत. मळमळ पोटात जाणवत असली तरी ती ठरते मेंदूत: या तंतूंची खबर आधी मेंदूच्या खोडातल्या एका केंद्रात पोहोचते आणि तिथून वर जाते. यंत्राचे स्पंद खबर नेणारे हे तंतू जागे करतात आणि वर जाणारा संदेश बदलतो, असे पुरावे सांगतात. यंत्र बसवलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कोणता भाग किती सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या तपासणीत) थॅलॅमस आणि कॉडेट या भागांतील सक्रियता बदललेली आढळली. त्याबरोबरच जठराचा वरचा भाग अधिक सैल होऊन अन्नाला जागा देऊ लागतो असेही दिसले आहे. अन्न तितक्याच सावकाश पुढे जात असते, पण त्याबद्दलची तक्रार मेंदूपर्यंत पूर्वीच्या तीव्रतेने पोहोचत नाही. ही साखळी अजून पूर्णपणे उलगडलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर चार तासांच्या तपासणीतला ३८चा आकडा खाली आला की नाही, यावर यंत्राची पारख करू नका. आठवड्यात उलट्या किती झाल्या, दिवसात किती तास मळमळ होती, किती खाल्ले गेले, वजन किती झाले आणि रुग्णालयात किती वेळा जावे लागले, यावर करा.

उत्तर: आकडेमोड (पुणे)

मी वैद्यकीय संशोधनाच्या सांख्यिकीत काम करते, त्यामुळे अभ्यासांबद्दलच्या तुमच्या शंकेपुरते लिहिते.

औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने या यंत्राला २००० साली जी परवानगी दिली ती नेहमीची नव्हे. थोड्याच रुग्णांना होणाऱ्या विकारांवरील उपकरणांसाठी मानवतेच्या भूमिकेतून सवलत देणारा एक मार्ग तिथे आहे. त्यात उपकरण सुरक्षित आहे आणि त्याचा लाभ संभाव्य आहे एवढे दाखवावे लागते, परिणामकारकता निर्णायकपणे सिद्ध करावी लागत नाही. म्हणून रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि विमा कंपन्यांशी वाद होतो तोही पुष्कळदा याच मुद्द्यावर. संमतिपत्रावर सही करताना हे माहीत असावे.

थॉमस अबेल आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील अभ्यासात ३३ रुग्ण होते. यंत्र सर्वांना बसवले, पण एक महिना चालू आणि एक महिना बंद ठेवले, आणि कोणता महिना कोणता हे रुग्णालाही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यालाही. चालू महिन्यात उलट्या कमी झाल्या. रिचर्ड मॅक्कॅलम यांच्या २०१० मधील अभ्यासात केवळ मधुमेही असे ५५ रुग्ण होते. तिथे क्रम बदलला: आधी सर्वांचे यंत्र सहा आठवडे चालू ठेवले आणि मग तीन-तीन महिन्यांची चालू-बंद अदलाबदल केली. पहिल्या सहा आठवड्यांत आठवड्यातील उलट्यांची मध्यक घट (म्हणजे रुग्णांना घटीच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ५७ टक्के होती. परंतु पुढच्या अदलाबदलीत चालू आणि बंद या काळांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा प्रतिकूल निष्कर्ष दोन प्रकारे वाचता येतो. एक, पहिल्या सहा आठवड्यांतील सुधारणा बरीचशी अपेक्षेचा परिणाम असेल. ज्या विकारात लक्षणे आपोआप कमी-जास्त होतात आणि माणूस अगदी वाईट अवस्थेत असतानाच उपचाराला येतो, तिथे हे नेहमी घडते. दोन, सहा आठवड्यांच्या उत्तेजनाचा प्रभाव यंत्र बंद केल्यावरही काही काळ रेंगाळत असेल आणि त्यामुळे 'बंद' काळ खऱ्या अर्थाने बंद राहिलाच नसेल. मला स्वतःला दोन्हींत थोडे तथ्य वाटते, आणि म्हणूनच मी नंतरच्या फ्रेंच अभ्यासाला अधिक वजन देते.

फिलिप दुक्रोते आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात १७२ रुग्ण होते, प्रत्येक टप्पा चार महिन्यांचा होता आणि औषधांना न जुमानणाऱ्या उलट्या असलेले रुग्ण घेतले होते, मग त्यांचे जठर उशिरा रिकामे होत असो वा नसो. यंत्र चालू असताना उलट्यांची तीव्रता कमी होती. जठर रिकामे होण्याचा वेग मात्र वाढला नाही, जे डॉ. पाणंद यांच्या विवेचनाशी जुळते. परंतु जीवनमानाच्या एकूण गुणांत लक्षणीय सुधारणाही दिसली नाही, आणि ही गोष्ट झाकून ठेवू नये. सरासरीच्या आड पुष्कळ फायदा झालेले आणि अजिबात न झालेले असे दोन्ही रुग्ण असतात. मधुमेही रुग्णांना आणि ज्यांचा मुख्य त्रास मळमळ-उलटी आहे त्यांना अधिक लाभ होतो. ज्यांचा मुख्य त्रास पोटदुखी आहे किंवा जे दुखण्यासाठी अफूजन्य वेदनाशामके घेतात त्यांना कमी. तुमच्या पतींचे चित्र पहिल्या गटाकडे झुकणारे आहे.

उत्तर: वाटाड्या (ओहायो)

ताई, माझ्या पोटात हे यंत्र २०१८ पासून आहे, म्हणून आकड्यांपलीकडचे थोडे सांगतो. मीही मधुमेही आहे.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. जठराच्या खालच्या दारापासून साधारण १० सेंटिमीटर वर, मोठ्या वक्र कडेच्या स्नायूत, एकमेकींपासून एक सेंटिमीटरवर दोन तारा शिवतात, आणि शिवताना सुई जठराच्या आतल्या पोकळीत शिरलेली नाही ना हे तोंडावाटे दुर्बीण घालून तपासतात. तारांची दुसरी टोके पोटाच्या त्वचेखाली केलेल्या कप्प्यात ठेवलेल्या यंत्राला जोडतात. कप्पा कुठे असावा हे शस्त्रक्रियेआधी बसून आणि वाकून ठरवून घ्या. पँटचा पट्टा त्यावर यायला नको, आणि इन्सुलिनच्या पंपाची जागाही सोडायला हवी. माझ्या बाबतीत हा विचार आधी झाला नाही आणि पुढची दोन वर्षे मी पट्टा बांधू शकलो नाही.

स्पंद मला कधीच जाणवले नाहीत. पहिल्या महिन्यात फरकही जाणवला नाही आणि मी पार खचलो होतो. नंतर दर भेटीला तारांमधील विद्युत रोध मोजून व्होल्टेज थोडे थोडे वाढवत नेले. रोध ५०० ओहम असेल तर ५ मिलिअँपिअर प्रवाहासाठी २.५ व्होल्ट लागतात; टोकांभोवती व्रणाची ऊती वाढली की रोध बदलतो आणि तेवढ्याच प्रवाहासाठी व्होल्टेजही बदलावे लागते. चौथ्या महिन्यात एका सकाळी माझ्या लक्षात आले की, आठवडाभरात मला एकदाही उलटी झालेली नाही. पूर्वी दिवसाला चार-पाच होत असत. मळमळ संपलेली नाही, ती आजही येते, पण माणूस तिच्यासह कामावर जाऊ शकतो.

पाचव्या वर्षी पुन्हा उलट्या सुरू झाल्या तेव्हा साखरेला दोष देण्यात आम्ही तीन आठवडे घालवले. तपासल्यावर बॅटरी संपत आल्याचे निघाले. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे टिकते आणि ऊर्जा अधिक लागली तर लवकर संपते. ती बदलताना फक्त कप्पा उघडतात, तारा तशाच राहतात.

काळजी घ्यायच्या गोष्टीही सांगतो. कप्प्यात जंतुसंसर्ग होणे हा सर्वांत त्रासदायक धोका आहे, कारण तो झाला तर बहुधा पूर्ण यंत्र काढावे लागते. तारा निसटू शकतात, क्वचित जठराची भिंत भेदून आत येऊ शकतात. डायथर्मीचा (विद्युतचुंबकीय लहरींनी शरीराच्या आत ऊब देणारा) शेक या यंत्रासोबत कधीही घ्यायचा नाही. यंत्राचे ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि एमआरआयची वेळ आली तर तुमच्या नेमक्या मॉडेलला तो चालतो का, हे यंत्राच्या कंपनीकडून लेखी मागून घ्या. एका रुग्णालयात मला न विचारता एमआरआयसाठी आत नेऊ लागले होते. माझ्या पत्नीने ओळखपत्र दाखवून थांबवले. तेव्हापासून ती माझ्याबरोबर प्रत्येक तपासणीला येते.

उत्तर: साधी पेज (नाशिक)

मी आहारतज्ज्ञ आहे. यंत्र बसो वा न बसो, दोन गोष्टी आजपासून करता येतील.

मधुमेहासाठी आपण सर्वांना भाकरी, उसळी, कोशिंबिरी, सालासकट फळे असे चोथायुक्त अन्न सांगतो. गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये तोच चोथा जठरात साठून त्याचा गोळा होऊ शकतो, आणि स्निग्ध पदार्थ जठराला आणखी मंद करतात. इथे नेमका उलट आहार हवा: मऊ भात, मुगाच्या धुतलेल्या डाळीचे पातळ वरण, गाळलेली सूप, साय काढलेल्या दुधाचे ताक, शिजवून कुस्करलेला दुधी किंवा लाल भोपळा, आणि तेही दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे. घन अन्न थांबत असले तरी पातळ अन्न पुष्कळदा पुढे जाते.

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. जेवणाआधी घेतलेले जलद इन्सुलिन वेळेवर काम सुरू करते, पण अन्न मात्र जठरातच अडकलेले असते. त्यामुळे आधी साखर घसरते आणि काही तासांनी अन्न उतरू लागले की भडकते. भडकलेली साखर स्वतःच जठराला मंद करते, आणि हे चक्र तुटत नाही. इन्सुलिन जेवणानंतर किंवा विभागून घेण्याबद्दल त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांशी बोला. स्वतःहून वेळ बदलू नका.

ओंजळ (न्यू जर्सी)

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व यांना वाचून दाखवले. 'वेग तोच, तक्रार कमी' हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, तेवढे झाले तरी मला मुलीबरोबर जेवायला बसता येईल.

डॉ. पाणंद, आणखी दोन शंका आहेत. कायमचे यंत्र बसवण्याआधी तात्पुरते उत्तेजन देऊन पाहतात असे वाचले, त्यावर विसंबावे का? आणि जठराचे खालचे दार एंडोस्कोपीने सैल करण्याच्या उपचाराने हे टळू शकेल का?

डॉ. पाणंद (लीड्स, ब्रिटन)

तात्पुरत्या उत्तेजनात तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या आतल्या अस्तरावर तारा टेकवतात आणि काही दिवस बाहेरच्या यंत्रातून स्पंद देतात. मुख्यतः अमेरिकेतील काही केंद्रांत ते केले जाते. चांगला प्रतिसाद मिळाला तर तो उत्साहवर्धक आहे, पण तार निसटल्यामुळेही प्रतिसाद मिळालेला नसू शकतो, म्हणून नकाराला मी अंतिम मानणार नाही.

दार सैल करण्याच्या उपचाराला जी-पोएम म्हणतात. त्यात अस्तराखालून बोगदा करून दाराचा स्नायू कापतात. माणसावर तो पहिल्यांदा २०१३ मध्ये झाला आणि आता भारतातल्या मोठ्या केंद्रांतही होतो. त्याचा रोख अन्न पुढे जाण्यावर आहे, यंत्राचा रोख मळमळीच्या संदेशावर. त्यामुळे काही केंद्रांत एकाच रुग्णावर दोन्ही उपचार करतात. ३८ टक्के शिल्लक अन्न पाहता तुमच्या पतींच्या बाबतीत जी-पोएमचा विचार आधी का केला नाही, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. तो केल्यावरही मळमळ टिकली तर यंत्राचा मार्ग मोकळा राहतो. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये या उत्तेजनाच्या वापराला अनुकूल मार्गदर्शन देताना, काही रुग्णांना त्याचा लाभ होत नाही हे संमती घेताना स्पष्ट सांगावे, असे म्हटले होते. भेटीच्या वेळी तुम्हीही तेच विचारा: तुमच्या केंद्रात किती जणांना लाभ झाला, आणि ज्यांना झाला नाही त्यांच्यासाठी पुढे काय केले.

भेटीपर्यंत एक वही करा. रोजच्या उलट्या, मळमळीचे तास, काय खाल्ले, सकाळचे वजन, आणि प्रत्येक जेवणाआधी व तीन तासांनी साखर. निदान चार आठवड्यांच्या नोंदी हाताशी असू द्या, म्हणजे पुढे कोणताही उपचार झाला तरी त्याची तुलना करायला तुमच्याकडे आधीची खरी स्थिती लिहिलेली असेल.